धानाच्या खोलीतलं थिएटर

दिवाळी तोंडावर आली की गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत माणसं वर बघत चालतात. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून झालेला असतो, कापलेल्या धानाचे पुंजके, म्हणजे कडपा, शेताच्या बांधीत पसरून वाळत असतात आणि त्या वाळेपर्यंत आभाळानं गप्प बसावं एवढीच सगळ्यांची मागणी असते. आभाळाला मात्र नेमकं याच दिवसांत कंठ फुटतो. मग रस्त्यात मान वर करून चालणारी दोन माणसं एकमेकांवर आदळतात आणि लागलं का, हे विचारायच्या आधी विचारतात, 'पडते का गा?' काय पडते, ते कुणाला सांगावं लागत नाही.

आज सकाळपासून मीही गच्चीवर आहे. गोंदियाच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, दिवाळीच्या आधी मी गल्ल्यावर असायला हवा. पण पाय तिकडे वळत नाहीत. समोर शेतांत कडपा, कडपांवर बगळे, आणि बगळ्यांच्या वर एक ढग. ढग लहानसाच आहे, पण त्याची वागणूक मला पसंत नाही. लग्नात न बोलावता आलेला माणूस आधी फाटकाशी रेंगाळतो, मग पाणी मागतो आणि थोड्या वेळानं पाहावं तर पंगतीत बसलेला असतो. तशी त्याची ढब आहे. मी खाली जातो, चहा घेतो, पुन्हा वर येतो. माझी बायको सुनंदा चोरखमारा तलावाच्या बाजूची. तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या गावाचे तलाव बांधणारी माणसं होऊन गेली. ती खालून म्हणाली, की नजर लावून ढग सरकत असता तर तिच्या पूर्वजांनी कशाला मातीच्या टोपल्या वाहिल्या असत्या.

मला धानाची काळजी आहेच. पण त्या काळजीच्या पोटात दुसरी एक काळजी आहे. धान घरी आल्याशिवाय आमच्या घरचं थिएटर लागत नाही. लागतं, म्हणजे पडद्यावर चित्र दिसतं, आवाजही येतो. पण ज्या माणसासाठी ते लावलं त्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. हे मी बाजारात कुणाला सांगितलेलं नाही. तिथले लोक आधीच मला नाटकी म्हणतात.

तो माणूस म्हणजे माझी आई.

आमच्याकडची दिवाळी लक्ष्मीपूजनानं संपत नाही, तिथून पुढे ती तापायला लागते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे सगळे हजर. दिवसा दंडारीचे नाच, जिलेबी, पिपाण्या, आणि रात्री मांडवात नाटक. कामठ्याच्या बाजूला आमचं मूळ गाव, तिथली मंडई आईनं कधी चुकवली नाही. ती सगळ्यात पुढे पोत्याची बोरी अंथरून बसायची आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता अख्खं नाटक आम्हाला करून दाखवायची. नायिकेचं रडणं, सासूचे टोमणे, सगळं. खलनायकाचं हसणं ती असं हसायची की शेजाऱ्यांचं कुत्रं अंगणातून उठून जायचं. माझ्या अंगात जो काही नट आहे तो तिथून आला. मला ना रंग लागला ना मांडव, म्हणून मी तो गिऱ्हाइकांवर खर्च करतो.

काही वर्षांपूर्वीच्या ज्या दिवाळीची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी मंडईत मी आईशेजारी बसलो होतो. विनोदी नट आला, काही तरी बोलला, हशानं मांडव फुटला. आईही हसली. पण उशिरा. आधी तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हसली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मी जन्माचा खोडकर. पुढचा प्रवेश गंभीर होता, नायकाचा बाप खाटेवर शेवटचे श्वास मोजत होता, आणि मी मुद्दाम, अगदी मोकळ्या तोंडानं हसलो.

आईसुद्धा हसली.

शेजारच्या बायांनी वळून पाहिलं. माझं हसू तोंडातच वाळलं. दुसऱ्या दिवशी आईनं तांदूळ निवडले, पण नाटक केलं नाही. आता नाटकात पहिल्यासारखा दम राहिला नाही, एवढंच म्हणाली.

कानाचं मशीन आणलं. तिनं ते एक दिवस घातलं, कानात भुंगा बसवला म्हणून मला बोलली आणि सुपारीच्या डब्यात ठेवून दिलं. तेव्हापासून सुपारी काढताना ते मशीनच चुकून हाती येतं आणि कुंई करून ओरडतं. ऐकू येत नाही हे तिला मान्य नव्हतं. लोकच आता तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तिचं मत. अशा बाईसाठी काही करायचं तर तिच्या पाठीमागून करावं लागतं. मी घरात घोषणा केली, की मला क्रिकेट मोठ्या पडद्यावर बघायचं आहे, वय होत चाललं, हौस राहून जायला नको. म्हणून यंदा दिवाळीला होम थिएटर. माझी मुलगी अनू पुण्यात नोकरी करते. ती व्हिडिओ कॉलवर टाळ्या पिटायला लागली. कोणता प्रोजेक्टर, किती स्पीकर, कोणता कुठे ठेवायचा, याचे तिचे मेसेज दुकानात पितळी घागरींच्या आड बसून मी वाचत होतो. सुनंदानं मात्र माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मला क्रिकेटमधलं काय कळतं, हे तिला ठाऊक आहे.

जागा एकच होती, मागची धानाची खोली. जाड भिंती, एक खिडकी, दुपारीसुद्धा काळोख. नाटकघराला आणखी काय लागतं? आणि धान? तर झालं होतं असं, की चहाच्या टपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, यंदा धान खरेदी केंद्र दिवाळीआधीच उघडणार. म्हणजे खळ्यावरून माल थेट केंद्रावर, घरी आणायलाच नको. टपरीवरच्या बातमीवर धानाच्या खोलीतून धानाला हाकलणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मीच निघालो असेन. आमची शेती बघणारा चुलतभाऊ शामराव फोनवर म्हणाला, 'खोली रिकामी ठेवजो, भाऊ.' रिकामीच आहे, अगदी चकाचक, असं मी खरं तेच उत्तर दिलं. त्याला वाटलं भाऊ सुधारला.

ते दिवस आठवले की अजून माझ्या पायांना खाज सुटते. खोलीतून जुना बारदाना काढला, उंदरांना निरोप दिला, भिंतींना चुना मारला. स्वयंपाकघरात सुनंदा चिवड्याचे पोहे भाजत होती आणि भिंतीपलीकडे बबलू छिद्रं पाडत होता. हा गोंदियाचा पोरसवदा चष्मेबहाद्दर, वायर जोडतानाही गॉगल काढत नाही. प्रत्येक छिद्रासरशी स्वयंपाकघरात चुन्याची भुकटी झरायची आणि सुनंदा पोह्यांवर ताट झाकायची. तुमच्या लोकांनी पाणी अडवलं तसा मी आवाज अडवतोय, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या लोकांनी आधी उतार पाहिला होता.

संध्याकाळी दिवा लावावा तर धानावरचे तुडतुडे. आमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत हे हिरवे, तिळाएवढे किडे उजेड दिसला की लाखांनी येतात. बबलूनं पहिल्यांदा प्रोजेक्टर लावला तेव्हा ते सगळे त्याच्या झोतात शिरले आणि पडद्यावर एका देखण्या नटीच्या गालावरून रेड्याएवढा तुडतुडा चालत गेला. आईनं कौतुकानं पाहिलं. मच्छर चांगला दिसते, म्हणाली.

मग आवाजाची वेळ आली. मागच्या मंडईचं ते नाटक गावातल्या एकानं कॅमेऱ्यात धरून ठेवलं होतं. ते मी मुद्दाम मागून आणलं होतं. तेच नाटक, तोच विनोदी नट. आईला खुर्चीवर मधोमध बसवलं. बबलूनं बटण दाबलं आणि असा गडगडाट झाला की स्वयंपाकघरातली ताटं मांडणीवर थरथरली. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. मी आईकडे पाहत होतो. ती पदर सावरून, मान थोडी पुढे घालून ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. कपाळावर एक आठी आली आणि तिथंच राहिली.

मी विचारलं, कसं वाटते?

'बोंब लय हाय, बाबू,' ती म्हणाली. 'पन गोठ नाही येऊन रायली.'

आवाज येत होता, त्यातली गोष्ट येत नव्हती. मीही डोळे मिटून ऐकलं. प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता आणि पुढच्या शब्दाच्या पाठीवर बसत होता. आमच्या धड कानांना त्यातून वाट काढता येत होती, तिच्या थकल्या कानांना नव्हती. बबलूनं गॉगलमागून खोलीकडे पाहिलं आणि एक टाळी वाजवली. टाळी खणखणत चार भिंतींवरून फिरून आली. 'भैया, मशीन तो राजा है,' तो म्हणाला, 'कमरा खाली है, कमरा ही बोल रहा है.' भिंतींना फोम लावावा लागेल, तो नागपूरहून येईल, आणि दिवाळीत काही यायचा नाही. आई बबलूच्या हातांकडे पाहत होती.

फोम नाही तर नाही. मी घरातल्या गाद्या, रजया, चादरी भिंतींवर टांगल्या. गोठ थोडी थोडी येऊ लागली आणि तेवढ्यात पाहुणे येऊ लागले. पाहुणे म्हटले की गाद्या. एकेक रजई उतरत गेली आणि खोली पुन्हा उघडी पडली. मी घरभर हिंडायचो. टाळी वाजवायचो. फडताळाचं दार उघडून आत टाळी वाजवायचो. पाहुण्यांनी सुनंदाला हळूच विचारलंसुद्धा, भाऊजींना बरं आहे ना.

आणि मग ढग आला.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शामरावचा फोन. मळणी झाली होती, धान कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून खळ्यावर पडला होता, आणि केंद्र अर्थातच उघडलं नव्हतं. 'पानी येऊन रायलं, भाऊ. कट्टे घरी आनतो.' मी म्हटलं, घरी कुठे? मग तो शांतपणे म्हणाला, 'खोली रिकामी हाय म्हनला होतास ना?'

अनूची गाडी उशिरा आली. ती पाठीवर बॅग घेऊन दारात उतरली तेव्हा तिनं पाहिलं ते असं : ट्रॅक्टर फाटकात तिरपा उभा, हमाल पाठीवर धानाचे कट्टे घेऊन तिच्या थिएटरमध्ये शिरताहेत, आणि तिचा बाप दोन्ही काखांत दोन स्पीकर धरून, लेकरं वाचवावीत तसा अंगणात उभा. तिनं फोटो काढला. तो अजून तिच्या फोनवर माझ्या नावापुढे येतो. चुना मारलेल्या माझ्या भिंती खालून वर भरत गेल्या. दोन्ही बाजू, मागची बाजू, जवळजवळ छतापर्यंत कट्टे. समोरची पडद्याची भिंत तेवढी मी हात पसरून उभा राहिलो म्हणून वाचली. शामराव कपाळाचा घाम पुसत, स्पीकरांकडे बघून म्हणाला, आता थ्या पेट्या कट्ट्यावर ठेव आन् बस पाहत. शेवटचा कट्टा आत गेला आणि पाऊस कोसळला.

रात्रभर पडला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, गावात चिखल, मंडईचा मांडव भिजलेला. मंडई पुढे गेल्याचा निरोप आला. कडपा ज्यांच्या बांधीत होत्या त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आमचा धान कोरडा होता आणि माझं तोंड मात्र भिजल्यासारखं. मी ओसरीत बसून पागोळ्या बघत होतो. आईला मंडई नाही, थिएटर नाही. दिवाळी सरली, अनू जाईल, आणि आई वर्षभर माझ्या तोंडाकडे पाहून हसत राहील.

दुपारी अनूला कंटाळा आला. तिनं कट्ट्यांवर चढून स्पीकर जोडले, आजीला ओढत नेऊन मधल्या बोळकांडीत खुर्ची टाकून बसवलं आणि तेच नाटक लावलं. मी ओसरीतून उठलो नाही. सुनंदानं चहा करून माझ्या हातात तबक दिलं, तेव्हा नेऊन द्यायला म्हणून गेलो. दारात पाऊल टाकलं आणि वाटलं, कुणी कानातला कापूस काढला. नव्या धानाचा उबदार, धुळकट वास, आणि त्यात एकेक शब्द वेगळा, निवडून ठेवल्यासारखा. घुमणं नाही, आपटणं नाही. कट्ट्यांनी सगळी बोंब पिऊन टाकली होती.

पडद्यावर विनोदी नट होता. बायको मंडईला माहेरी गेलेली, आणि इकडे घरी पाहुणे येऊन धडकलेत. तो हात जोडून म्हणतो, 'बसा पाव्हने. पानी विहिरीत हाय, बादली शेजाऱ्याच्या घरी हाय...' आणि थांबतो, मग म्हणतो :

'अन् दोर बायकोनं नेला.'

आई हसली. एकटी. आम्ही कुणी हसायच्या आधी. खलनायकाचं ते जुनं, कुत्री उठवणारं हसू, आणि तिचं हसू ऐकून मग आम्ही. तिनं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाली, 'हेच होय का थे? मागच्या साली मी ह्याच्यावर उगीच हासली होती माय.' मी तबक घेऊन तसाच उभा. चहावर साय धरली.

थोड्या वेळानं तो प्रवेश आला. खाट, कंदील, नायकाचा बाप. आई तल्लीन होऊन ऐकत होती. एकाएकी तिनं पडद्यावरून नजर काढली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

'बाप मरून रायला त्याचा,' ती म्हणाली. 'अन् इथं तू काऊन हासला होतास गा?'

मी तबक पुढे केलं. अनू एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. आईनं आणखी थोडा वेळ पाहिलं. काय समजायचं ते ती समजली असावी. तबकातला चहा उचलला, गार झालाय म्हणाली, आणि सगळा प्याली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडता निवडता तिनं अख्खं नाटक केलं. मरणारा बापसुद्धा. त्यानंतर दारात येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यालादेखील, बादली शेजारी आणि दोर माहेरी हे ऐकून घ्यावं लागलं. बबलू हिशेब मिटवायला आला, खोलीत शिरून त्यानं सवयीनं टाळी वाजवली. टाळी तिथंच पडली, ओल्या मातीवर नारळ पडावा तशी. पहिल्यांदाच त्यानं गॉगल कपाळावर चढवला. नागपूरवरून माल मागवलात का, असं त्यानं जरा दुखावूनच विचारलं.

केंद्र उघडायचं तेव्हा उघडलं. कट्टे जाऊ लागले तशी गोठ पातळ होत गेली. मी शामरावला म्हटलं, एक थप्पी राहू दे. तो म्हणाला, उंदरायले नाटक दाखवतोस का? खोली पुन्हा रिकामी झाली आणि मी आईला सांगितलं, आता फोमच लावतो, मग बारा महिने बघ. तर तिला ते पटेना. मंडई का बारा महिने रायते, म्हणाली. धान येईल तवा पाहू.

तेव्हापासून आमच्या घरी हीच रीत पडली आहे. धान येतो ते धान जातो, तेवढंच नाटक. बाकीचं वर्ष पडदा गुंडाळून आढ्याला. खळ्यावरून माल थेट केंद्रावर न्यायचा विषय शामरावनंही सोडून दिला आहे. कट्टे रचताना तोच आता विचारतो, पेटी कोनत्या कोपऱ्यात? आणि दिवाळीच्या आधी आई अधूनमधून मागच्या खोलीत जाते, एक टाळी वाजवते, ऐकते आणि बाहेर येऊन सांगते, 'उपाशी हाय खोली अजून.'

पण मागच्या वर्षी एक गोष्ट झाली. खोली भरलेली होती, कट्टे छताला लागले होते, टाळी घुमत नव्हती, आणि तरी आईनं आपली खुर्ची पुढे सरकवली. फार नाही, हातभर. नाटक लागल्यावर पुन्हा थोडी. मधेच एकदा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं की काय, असं मला वाटलं. मी तेव्हापासून तिच्याशेजारी बसत नाही, मागे बसतो. तिला दिसलो नाही, तर तिला माझ्या तोंडाकडे बघून हसावं लागणार नाही. ढगावर माझा जो राग आहे त्यात बिचाऱ्या ढगाचा दोष थोडाच आहे. धान भिजला तर मला सोसेल. धान कोरडा घरी आला, खोली पोटभर जेवली, आणि तरीही गोठ आली नाही, तर काय करायचं, हे मला सकाळपासून गच्चीवर सापडत नाही.

आत्ताच शामरावचा फोन येऊन गेला. आमची मळणी उरकली, कट्टे ट्रॅक्टरवर चढताहेत. ढग अजून फाटकाशीच आहे, पाणी मागितलेलं नाही. खाली अंगणात आई रांगोळीची जागा झाडत होती. तिला हाक मारण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गच्चीच्या कठड्याशी उभा राहिलो, तिनं वर पाहिल्यावर पाठीत वाकलो आणि पाठीवर कट्टा घेऊन आलेल्या हमालाचं सोंग केलं. गुडघे लटपटवले, घाम पुसला, कमरेवर हात ठेवून कण्हलो. तिनं झाडू टेकवला आणि मन लावून पाहिलं. मग हात उडवून सांगितलं, की हमाल असा नाही चालत.

आणि मागच्या खोलीकडे गेली. टाळी ऐकू आली. मोकळी, खणखणीत, चार भिंतींवरून फिरणारी. मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज यायला लागला. मी ढगाकडे पाठ केली आणि ती खुर्ची कुठे थांबते, ते कान देऊन ऐकत राहिलो.